पान चौऱ्याण्णवपर्यंत

त्या महिन्यात निरीक्षकांनी पाच पुस्तके हाती घेतली. त्यांतली दोन पुरी केली आणि तीन सोडली. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते. पाचांतली तीन वजने खोटी निघाली तर त्याचे आश्चर्य मानायचे नसते, हे ते खात्यात शिकले होते आणि तोच हिशेब त्यांनी वाचनालयालाही लावला होता. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक वही आखली. अनुक्रमांक, पुस्तक, ‘पुरे केले’ किंवा ‘सोडले’, सोडले असल्यास पान, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. अठरा वर्षांत या रकान्यांत फरक पडला नव्हता.

त्या महिन्याच्या नोंदी अशा होत्या. एका दर्यावर्दीचे आत्मचरित्र: ‘पुरे केले. लेखक सात वेळा बुडता बुडता वाचतो. चौथ्या वेळेपासून वाचकाला समुद्राची बाजू पटू लागते.’ तीन पिढ्यांची एक कादंबरी: ‘सोडली, पान ५८. तिसरी पिढी जन्माला येईपर्यंत मला आयुष्य पुरेल याची खात्री नाही.’ शांत झोपेच्या उपायांचे पुस्तक: ‘पुरे केले. दुसऱ्या प्रकरणापासूनच उपाय लागू पडल्यामुळे एकवीस दिवस लागले.’ एक प्रवासवर्णन: ‘सोडले, पान ३१. लेखक अजून सामानच बांधतो आहे.’ आणि एक कवितासंग्रह: ‘सोडला, पान १९. कवीला जिकडेतिकडे चंद्र दिसतो. डोळे तपासून घ्यावेत.’

वाचनालयात ही वही प्रसिद्ध होती. नवे पुस्तक घेण्याआधी लोक ग्रंथपाल बाईंना विचारत, “निरीक्षकांनी पास केलंय का?” बाई हसत. निरीक्षक हसत नसत, पण त्यांना ते आवडे. एकदा दिलेला निकाल ते पुन्हा उघडत नसत. सोडलेले पुस्तक परत हाती घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. घरी पत्नीला मात्र या वहीचे कौतुक नव्हते. ती म्हणे, “माणसं कमी पडली म्हणून आता पुस्तकांना नापास करत बसलेत.”

वाचनालयाच्या मागच्या खोलीची भिंत त्या वर्षी ओलीने फुगली. तिथली कपाटे पुढे आणायची तर एक तृतीयांश पुस्तके काढणे भाग होते. कोणती काढायची यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका भांडणात गेल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, “निरीक्षकसाहेबांची वही आहे की. त्यांनी सोडलेली आणि दहा वर्षांत कुणी न नेलेली, एवढी काढू या. म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको.”

निरीक्षकांनी वही हाती दिली. बाईंनी दोनशे त्रेसष्ट पुस्तकांची यादी केली आणि प्रत्येक पानावर त्यांची सही मागितली. न वाचता सही करणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी ओळ न् ओळ वाचली. सातव्या पानावर, दोनशे चौदाव्या क्रमांकापाशी, त्यांचे बोट थांबले. वहीतली मूळ नोंद त्यांना पाठ होती: ‘सोडले, पान ९४. कारण: लेखकाला मापाची जाण नाही.’

“काही अडचण आहे का, साहेब?” बाईंनी विचारले.

“नाही,” ते म्हणाले आणि सही केली. आठवड्याभरात पुस्तकांची पोती कागद गिरणीकडे रवाना झाली.

ते पुस्तक त्यांच्या सहायकाचे होते. बारा वर्षे दोघांनी एकत्र बाजार तपासले होते; पुढे निरीक्षक, मागे सायकलच्या कॅरियरवर तपासणीच्या सरकारी प्रमाण वजनांची लाकडी पेटी बांधून सहायक. हा अबोल, घामट, सारखा क्षमा मागितल्यासारखा बोलणारा माणूस निवृत्तीनंतर कादंबरी लिहील, असे कुणालाच वाटले नव्हते. चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या खर्चाने दोनशे प्रती छापून त्याने एक वाचनालयाला भेट दिली आणि सगळ्यांत आधी ती निरीक्षकांनी नेली. कादंबरीत एक निरीक्षक होता, एक सहायक होता आणि बाजाराच्या कोपऱ्यावर कांदे विकणारी एक म्हातारी होती. चौऱ्याण्णवाव्या पानावर निरीक्षक म्हातारीचे दोन किलोचे वजन अकरा ग्रॅमने कमी ठरवतो आणि वजने, तराजू, सगळे जप्त करतो. म्हातारी तराजू फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती देते आणि म्हणते, “साहेब, तुमचं वजन एकदा तपासून घ्या.”

हे घडले होते. असेच, याच शब्दांत घडले होते. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या पाचही विक्रेत्यांची दोन किलोची वजने कमी भरली होती. चौघांनी मान खाली घालून दंड भरला. म्हातारी तेवढी हटून बसली, म्हणून तिची जप्ती. निरीक्षकांनी तेव्हा अहवालात लिहिले होते की या बाजारात पाचांतले पाच चोर आहेत.

बारा वर्षे आपल्या हाताखाली काम करून हा मनुष्य आपल्याला भर चौकात उभे करतो, असे त्यांना वाटले. त्यांनी पुस्तक मिटले, कपाटावर टाकले आणि पत्नीला बजावले, “त्या माणसाचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये.” महिन्याभराने सहायक स्वतः दारात आला. नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला.

“साहेब, वाचलंत का?”

“पुरेसं वाचलं,” निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतले.

त्यानंतर दोघांत शब्द झाला नाही. सहायक मागच्या वर्षी गेल्याचे निरीक्षकांना वर्तमानपत्रातल्या चौकटीतून कळले. त्यांनी ती कापून, घडी करून वहीत ठेवली आणि त्या दिवसाची पुस्तकाची नोंद केली.

पोती गेल्यानंतर पंधरवड्याने, दुपारच्या चहाच्या वेळी, सहायकाची मुलगी घरी आली. चाळिशीची, एका रुग्णालयात परिचारिका. वडिलांसारखीच खुर्चीच्या कडेवर बसली.

“काका, वाचनालयात गेले होते. बाईंनी तुमच्याकडे पाठवलं. बाबांच्या पुस्तकाची एक प्रत हवी होती. घरच्या होत्या त्या वाळवीनं खाल्ल्या, आणि वाटलेल्यांतली शोधून एक मिळत नाही.”

“वाचनालयातली प्रत मी काढायला लावली,” निरीक्षक म्हणाले. खोटे बोलणे त्यांना कधी जमले नव्हते. “यादीवर माझी सही आहे.”

मुलीने कप बशीत ठेवला आणि म्हणाली, “ठीक आहे. पण तुम्ही तर वाचलंय ना? बाबा म्हणायचे, साहेब नियमाचा माणूस, एकदा हाती घेतलं की शेवटाला नेणार. शेवटचं प्रकरण वाचलं की ते येतील. आम्ही खूप दिवस वाट बघितली. तुम्ही आला नाहीत, तेव्हा म्हणाले, साहेबांनी माफ केलं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.”

“माफ? कशाबद्दल?”

“म्हणजे?” मुलगी म्हणाली. “तुम्ही वाचलं ना?”

“चौऱ्याण्णव पानं.”

पत्नी आतल्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिने स्टूल ओढले आणि मुलीशेजारी बसली.

“मी वाचलंय सगळं,” ती म्हणाली. “आठ दिवस कपाटावर पडलं होतं. हे दुपारी झोपले की मी काढून वाचायची.”

निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिले. “तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही नाव काढायला बंदी घातली होती. मी पाळली. या घरात नियम काय तुम्हालाच पाळता येतात?”

मग तिने सांगितले, भाजी निवडताना सांगावे तसे, आवाज न चढवता. त्या सकाळी बाजाराकडे येताना सायकल घसरली आणि पेटी उलटली. दोन किलोच्या प्रमाण वजनाच्या बुडात शिसे भरलेले होते. ते निघून पडले. साहेबांना सांगितले तर नोकरी जाईल, या भीतीने सहायकाने वाटेतल्या एका भांड्यांना डाग देणाऱ्याकडून खाच अंदाजाने भरून घेतली. अंदाज अकरा ग्रॅमने जास्त झाला. खोटे वजन म्हातारीचे नव्हते, सरकारचे होते. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत नेऊन त्याने ते गुपचूप दुरुस्त करून आणले, पण तोवर पंचनामा झाला होता आणि त्याच्यावर त्याची स्वतःची सही होती.

“एवढं सांगायला त्यांना पंधरा वर्षं लागली,” पत्नी म्हणाली. “तोंडानं जमेना, म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं. शेवटचं प्रकरण म्हणजे साहेबांना लिहिलेलं पत्रच आहे.”

“पाचही जण,” निरीक्षक हळूच म्हणाले. पाचही वजने बरोबर अकरा ग्रॅमने कमी. नव्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की सगळा बाजार एकाच मापाने चुकत असेल तर आधी आपले वजन तपासावे. त्यांनी स्वतः कितीकांना हे शिकवले होते.

“शेवटी काय होतं?” त्यांनी विचारले. “पुस्तकातला निरीक्षक काय करतो?”

“पत्र वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तराजू घेऊन तिला शोधायला निघतो.”

“कोणत्या शब्दांत लिहिलंय?”

“शब्द कुठले आठवायला? मी काही वही ठेवत नाही.” ती उठली आणि कप गोळा करू लागली. “पुस्तकातला निरीक्षक तुमच्यापेक्षा बरा होता. त्या बिचाऱ्यानं तुम्हाला होतात त्याहून चांगलं लिहिलं.”

मुलगी जाताना दारात थांबली. “काकू, मी पुन्हा येईन. तुम्हाला आठवतंय तेवढं लिहून घेईन.” काकांना तिने काही विचारले नाही. चौऱ्याण्णव पाने मात्र त्यांना जवळजवळ शब्दशः पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक बाजारात गेले. तराजू न्यायचा तर तो कुठून आणणार? जप्तीचा माल कधीच मोडीत गेला होता. त्या कोपऱ्यावर एक वृद्ध कांदेविक्रेता बसला होता. त्याने निरीक्षकांना लांबूनच ओळखले आणि जुन्या सवयीने आपले वजन पुढे केले.

“तपासायला आलो नाही,” निरीक्षक म्हणाले. “इथं एक म्हातारी बसायची. तिचा तराजू...”

“जिचा तराजू तुम्ही नेलात ती. मीही होतो ना त्या पाचांत. आम्ही दंड भरून मोकळे झालो. ती एकटीच धरून बसली, माझं माप खरं आहे, माझं माप खरं आहे. मग काय, गिऱ्हाईक फिरकेना. चोराकडून कोण कांदे घेणार? वर्षभर बसली रिकामी, मग लेकीकडे गेली. तिथंच वारली.”

“तिचं माप खरं होतं,” निरीक्षक म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणले होते. “आमचं वजन चुकलं होतं. तुमचंही खरं होतं.”

विक्रेत्याने एक सडका कांदा उचलून मागे टाकला. “साहेब, ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. आमचं माप आम्हाला कळत नाही का? ठाऊक नव्हतं ते तुम्हाला.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निरीक्षकांना तो असता तर बरे वाटले असते. “किती देऊ?”

त्यांनी दोन किलो घेतले. विक्रेत्याने पारडे त्यांच्या डोळ्यांदेखत स्थिर होऊ दिले आणि वर एक कांदा टाकला.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. सरकारी दप्तरात चूक खोडायची रीत ठरलेली आहे. मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, बाजूला लघुसही, खाली तारीख. सहायकाच्या पुस्तकाच्या नोंदीपाशी त्यांनी पट्टी ठेवून ‘लेखकाला मापाची जाण नाही’ या शब्दांवर रेघ मारली, लघुसही केली, तारीख घातली. आता रीतीप्रमाणे शेजारी योग्य कारण लिहायला हवे होते. पेनाची शाई टोकावर वाळली. त्यांनी ते झटकले, पुन्हा धरले, पुन्हा खाली ठेवले.

पत्नीने आतून विचारले, “एवढे कांदे कशाला आणलेत?”

ती बाहेर आली, त्यांच्या खांद्यावरून वहीत डोकावली, रेघेकडे आणि लघुसहीकडे पाहिले.

“बैल गेला आणि झोपा केला,” ती म्हणाली. “आता हे वाचणार कोण?”

कारणाचा रकाना तसाच राहिला. त्या नोंदीत बिनचूक असा आता एक पानाचा आकडाच उरला होता. निरीक्षकांनी टीपकागद ठेवून वही मिटली, आणि त्या आठवड्यात वाचनालयातून आणलेले नवे पुस्तक न उघडताच परत केले.