दुसरी रिंग द्या, सर

"तू राहू दे. तू धुवायला बस."

सरांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि सानिकाच्या हातात दिला. माझ्यापुढे पायानं एक ट्रे सरकवला. ट्रेमध्ये डिझेल, डिझेलमध्ये इंजिनातून काढलेले काळेकुट्ट भाग आणि एक ब्रश.

मी बसले. खरं तेच सांगते. उकिडवी बसले आणि घासायला लागले.

आम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. चाकणजवळच्या एका ट्रेनिंग सेंटरच्या शेडमध्ये कॉलेजनं कार्यशाळा ठेवली होती. इंजिन स्वतःच्या हातांनी उघडायचं, साफ करायचं, परत जोडायचं. स्टँडवर जुनी डिझेल इंजिनं लावलेली, शिकवायला तिथलेच सर. आमच्या गटात मी, सानिका आणि वर्गातले दोन मुलगे.

मलाच धुवायला का बसवलं? त्याच्या आधी एवढंच झालं होतं की सानिकानं माझी ओळख करून दिली.

"सर, ही आमच्या काकांची मुलगी. म्हणजे काका आमच्या कंपनीत आहेत ना, प्रेस शॉपला."

ती हसत म्हणाली. प्रेमानं म्हणाली. तिच्या पप्पांचा भोसरीत कारखाना आहे आणि माझे बाबा तिथं पत्रा दाबायच्या मशीनवर कामगार आहेत, हे तिच्यासाठी ओळखीचं नातं होतं. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"गाव कुठलं?"

सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं. सर "हं" म्हणाले. गटातल्या बाकी कुणाला त्यांनी गाव विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "तुला सवय असेल अशा कामाची." आणि पाना माझ्या हातून गेला.

मी घासत होते आणि सानिकाकडे बघत होते. डोळे हटत नव्हते. तिनं निळा बॉयलर सूट घातलेला. मापानं शिवून घेतलेला, खिशावर तिचं नाव. मी भावाचा जुना शर्ट घालून आलेले. पण मी त्या कपड्यांवर जळत नव्हते. मी तिच्या कोपरावर जळत होते. इंजिनावर ती कोपर टेकून उभी होती, घरच्या ओट्याला टेकावं तशी. मला त्या इंजिनाच्या जवळ उभं राहतानाही अंग चोरून घ्यावं लागत होतं. हे लोखंड तिला जन्मापासून ओळखतं आणि मला दारात थांबवतं, असं वाटत होतं.

मी शाळेत असल्यापासून इंजिनाच्या मागे लागलेली मुलगी. पुस्तकातलं अर्धं कापलेलं इंजिन मी वहीत इतक्यांदा काढलंय की डोळे मिटून काढीन. चिखलीत आमच्या खोलीखालून दिवसभर टेम्पो जायचे, मी आवाजावरून भावाला सांगायची, हा चढाला दमलाय. पण खऱ्या इंजिनाच्या आत माझं बोट कधी गेलं नव्हतं. डिप्लोमाला पन्नास पोरांच्या मागे उभं राहून बघितलं, तेवढंच. ही कार्यशाळा लागली तेव्हा आनंदानं मला जेवण गेलं नव्हतं.

आणि आता मी ब्रश फिरवत होते.

दुपारी सानिकाला पिस्टनवर रिंग चढवायला दिली. रिंग म्हणजे बिडाची पातळ, मध्ये चीर असलेली कडी. ती फाकवून पिस्टनच्या खाचेत बसवायची. जास्त फाकवली की मोडते. तिनं जास्त फाकवली. कट्‌ झालं.

"ओ गॉड! सॉरी सर!"

सर हसले. "अगं, होतं. शिकताना मोडणारच. ही घे दुसरी."

दुसरीही मोडली. सर पुन्हा हसले. तिसरी बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढला. मीही ओल्या हातांनी टाळी वाजवली.

त्या क्षणी मला कळलं मी नेमकी कशावर जळते. तिला जमतं त्यावर नाही. तिला जमलं नाही तरी चालतं, त्यावर. तिला मोडायची मुभा होती. तिला चुकायला जागा होती, आणि त्या जागेत ती किती ऐसपैस उभी होती! मी आयुष्यात काही मोडलेलं नाही. मोडायची हिंमतच झाली नाही.

संध्याकाळी घरी गेले. बाबा पहिल्या शिफ्टहून आलेले, चहा पीत होते. त्यांचा फोन वाजला आणि ते कप खाली ठेवून उभे राहिले. मालकांचा फोन असला की ते उभे राहूनच बोलतात.

"व्हय साहेब. व्हय. लई उपकार साहेब."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. चेहरा फुललेला.

"सानिकाताई सांगत होत्या म्हणं घरी. तू लई चांगलं साफ करतीस सगळं. साहेब खूश हायत."

सानिकाताई. सांगत होत्या. माझ्या वर्गातली, माझ्याच वयाची मुलगी. माझ्याकडून असाइनमेंट मागून नेणारी.

"बाबा, ती माझ्या वर्गात आहे."

"आसू दे की. मालकाची पोरगी हाय."

"तिला ताई कशाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

बाबा पुन्हा चहा प्यायला लागले, खुशीत. मी दहावीला पहिली आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता का, ते मी आठवत राहिले. माझ्या बापाच्या आवाजातला सगळा मऊपणा ती घेऊन गेली होती. इंजिन तिचं, सर तिचे, आणि आता माझा बापही तिचाच. मला तिचा इतका राग आला की तिचं काहीतरी वाईट व्हावं असं वाटलं. तिच्या हातावर पिस्टन पडावा. असं वाटलं मला. वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. सरांनी कालच्यासारखाच ट्रे दाखवला.

"चल, तू सुरू कर. राहिलेले भाग आहेत."

"नाही सर."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"काय नाही?"

"मी काल धुतलं. आज दुसऱ्या कुणीतरी धुवावं. राहिलेल्या पिस्टनवर रिंगा मी चढवणार."

शेजारच्या गटातल्या हातोडीचा आवाज थांबला. सानिका म्हणाली, "अगं, तू माझ्याबरोबर उभी राहा ना. मी करते, तू बघ."

"मी खूप बघितलं. आता तू बघ."

सरांच्या कपाळावर आठी आली. "रिंगा मोजक्या आहेत. मोडलीस तर?"

"काल मोडल्या तेव्हा तुम्ही दुसरी दिलीत."

कुणी हसलं नाही. सरांनी रिंग माझ्या हातात दिली. म्हणजे ठेवली. म्हणजे टाकली.

मी पिस्टन उचलला. वाटला होता त्यापेक्षा हलका. रिंग फाकवली. पाठीवर सगळ्यांचे डोळे.

कट्‌.

मोडली. माझ्या हातून मोडली. दोन तुकडे, एक माझ्या बोटात, एक जमिनीवर.

"बघ," सर म्हणाले. "म्हणून सांगत होतो. प्रत्येकाचं काम असतं."

तीच रिंग. तसाच आवाज. कालचं वाक्य वेगळं, आजचं वेगळं.

सानिकानं हात पुढे केला. "दे, मी लावते." तिच्या डोळ्यांत दया होती. ती दया बघून माझे कान तापले. माझी जुनी सवय उठून उभी राहिली, सॉरी म्हण, पिस्टन दे, ट्रेपाशी जा. आमच्या घरात सगळ्यांनी हेच केलंय. चूक झाली की मागे सरायचं. चूक झाली नाही तरी मागे सरायचं.

मी पिस्टन छातीशी धरला. शर्टाला तेल लागलं.

"दुसरी रिंग द्या, सर."

"काय?"

"दुसरी रिंग द्या. मी शिकायला आले आहे."

मी एक हात पुढे धरूनच ठेवला. शेवटी त्यांनी पाकिटातून रिंग काढली. मी हळू फाकवली, श्वास रोखून, आणि ती खाचेत जाऊन बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी पुढची रिंग मागितली. मग त्याच्या पुढची. ट्रे दिवसभर तसाच पडून राहिला. शेवटी गटातल्या एका मुलानं तोंड वाकडं करून ब्रश उचलला.

गोष्ट तिथं संपली नाही. दोन दिवसांनी मालकांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. पोरीला जरा समजवा म्हणाले. बाबा घरी आले ते चप्पल न काढताच उभे राहिले.

"कशाला करायलीस आसं? माझी रोजीरोटी हाय तिथं."

मी घाबरले. अजून घाबरते. माझ्या हट्टाची किंमत बाबांकडून वसूल होऊ शकते, हे मला माहीत आहे. तरी मी सॉरी म्हटलं नाही. बाबा माझ्याशी न बोलता जेवले. भाकरी वाढताना आईनं विचारलं, "बसली का शेवटी ती रिंग?"

"बसली."

आई बाबांकडे बघून म्हणाली, "बसली म्हणती."

आता शेवटचं वर्ष आहे. परवा सानिकाचा फोन आला. प्रोजेक्टसाठी तिच्या पप्पांनी नवं इंजिन मिळवून दिलंय, कारखान्यात जागा दिलीय.

"आमच्या ग्रुपमध्ये ये ना. तू रिपोर्ट मस्त लिहितेस."

नवं इंजिन. ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं.

"रिपोर्ट तू लिही. इंजिन मी उघडते."

"अगं, पण पप्पा..."

"मग मी येत नाही."

फोन ठेवला. मी आणि अजून दोघी मिळून भोसरीच्या भंगारवाल्याकडे एक इंजिन बघून आलोय. गंजलंय. जाम झालंय. तिचं नवं इंजिन आठवलं की अजून जळते मी. ही जळजळ वाईट असते, मनातून काढून टाक, असं मैत्रिणी सांगतात. मी काढणार नाही. ती विझली की मी पुन्हा खाली बसेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि मला आता खाली बसायचं नाही.