राहेल टीचरांचा चौथा प्रश्न

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात चोरून अभ्यास करत होते. समोर टपालाची नोंदवही उघडी, तिच्या पोटात इंग्रजी समानार्थी शब्दांची यादी, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळ्या खात्याचा गाडा माझ्याच खांद्यावर चालला आहे. फोन अरुणाकाकूंचा होता. काकू म्हणजे राहेल टीचरांच्या शेजारी, दारासमोर दार. म्हणाल्या, "शुभांगी, टीचर सकाळपासून उठत नाहीयेत गं." मी म्हटलं, "मग उठवा ना." पलीकडे काकू रडायला लागल्या, आणि मग मला कळलं. त्या मंगळवारपासून माझी परीक्षा बरोबर अकरा दिवसांवर होती. हे मुद्दाम सांगते, कारण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार हाच आला. दुसरा आला तो पहिल्याची लाज वाटून.

ही परीक्षा म्हणजे आमच्या खात्यातली बढतीची. कारकुनाला वर चढायचं तर चार पेपर काढावे लागतात. तीन मी पहिल्याच झटक्यात काढले. चौथा इंग्रजीचा, आणि त्यात मी तीनदा आपटले. आता चौथी संधी, आणि तीच शेवटची. ती गेली की निवृत्तीपर्यंत तेच टेबल आणि खिडकीतून दिसणारं तेच एसटी स्टँड. पाच वर्षांपूर्वी जिला मी रजेचा अर्ज लिहायला शिकवलं, ती आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करते. गोड मुलगी आहे. "शुभांगीताई, बसा ना," म्हणते. ते 'बसा ना' मला जेवताना घासाघासाला आठवतं. वयाची एकोणपन्नास वर्षं, हळदीकुंकवापासून ऑफिसच्या स्नेहसंमेलनापर्यंत पनवेलात कुठेही माईक दिसला की लोक माझ्याकडे बघतात, आणि मी एका उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांपुढे हात टेकलेली.

अरुणाकाकूंनीच मला राहेल टीचरांकडे नेलं. टीचर तशा शाळेतल्या टीचर कधीच नव्हत्या. मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीत छत्तीस वर्षं स्टेनो होत्या. साहेबांची पत्रं घ्यायची, टाइप करायची, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. जुन्या पनवेलातलं बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं घर. दोन्ही भाऊ केव्हाच इस्राएलला जाऊन स्थायिक झालेले, आईवडील इथेच वारलेले, आणि या एकट्या बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर कुणाच्या तरी मुलीला बँकेच्या परीक्षेसाठी चार धडे दिले, ती पास झाली, आणि मग गल्लीनंच त्यांना टीचर करून टाकलं. वर्ग रविवारी सकाळी दहाला. शनिवारी त्या पेन्सिलही हातात धरत नसत. "शनिवार देवाचा," म्हणायच्या, "आणि रविवार तुम्हा गाढवांचा."

पहिल्याच रविवारी त्यांनी मला उतारा दिला. एक म्हातारा रोज तळ्याकाठी जाऊन पाखरांना दाणे घालतो, बस, एवढाच. प्रश्न होता, तो सकाळी लवकर का जातो. मी पानभर उत्तर लिहिलं. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा त्या तळ्यात बुडालेला, पाखरांच्या आवाजात त्याला मुलाची हाक ऐकू येते, वगैरे. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. टीचरांनी चष्मा वर सरकवला.

"मुलगा कुठून आला?"

"असणारच ना, टीचर. उगाच कोण रोज उठून तळ्यावर जाईल?"

"बोट ठेव."

"कुठे?"

"उताऱ्यात जिथे मुलगा आहे तिथे."

मी बोट घेऊन त्या कागदावर वरून खाली, खालून वर फिरले. मुलगा नव्हता. होतं ते एवढंच, की उन्हं चढली की पाखरं निघून जातात. "तुझं इंग्रजी वाईट नाही, बये," टीचर म्हणाल्या. "तुला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. छापलेल्या माणसालासुद्धा तू बोलू देत नाहीस."

माझ्या नवऱ्यानं हे वाक्य ऐकलं आणि टीचरांना न बघताच त्यांचा भक्त झाला.

तर असं बोट ठेवत आमचं सुरू झालं. उत्तर सांगायचं तर आधी ओळीवर बोट. बोट नाही तर उत्तर नाही. वर्गात मी आणि प्रणाली. प्रणाली ओवे गावची, पंचविशीतली, बँकेच्या परीक्षेला बसणारी. घराच्या दोन्ही बाजूंना टॉवरचं काम चालू, म्हणून अभ्यासाला इकडे यायची. माझ्या उलट. मी दोन ओळींतून कादंबरी काढणार, आणि ती उत्तरावर बोट ठेवूनही म्हणणार, "हा नसंल टीचर. एवढा सोप्पा कसा असंल?" टीचर तिला म्हणायच्या, "हिची अर्धी खात्री कापून तुला चिकटवली पाहिजे." दर आठवड्याला पाच नवे शब्द, आणि ते त्याच आठवड्यात पनवेलात वापरून दाखवायचे. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, हा शब्द शिकवला त्या आठवड्यात मी स्टँडवरच्या रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, तुम्ही फार रिलक्टंट आहात." तो म्हणाला, "नाय ताई, मी कळंबोलीचा." टीचरांना हे सांगितलं तर त्या पदराचा बोळा तोंडात धरून हसल्या.

हसवायला मला मुभा होती, पण वेळ ठरलेली. साडेअकराला वह्या मिटायच्या, चहा यायचा, आणि टीचर खुर्चीत मागे रेलून म्हणायच्या, "हं. आता उताऱ्याबाहेरचं सांग." मग ती दहा मिनिटं माझी. आठवडाभरात पनवेलात जे जे घडलं, आणि जे घडायला हवं होतं पण राहून गेलं, ते सगळं मी साभिनय सादर करायची. त्या वेळी त्यांनी एकदाही बोट ठेव म्हटलं नाही.

इथपर्यंत छान आहे. आता माझं पाप सांगते.

टीचर भावांबरोबर का गेल्या नाहीत, हा गल्लीचा जुना प्रश्न. विचारायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा ऑफिसात डबे उघडले होते, विषय निघाला, आणि माझ्या जिभेला खाज सुटली. मी सांगून टाकलं, की तरुणपणी टीचरांचं पनवेल स्टेशनातल्या एका मालक्लार्कवर प्रेम होतं. भाऊ निघाले त्या दिवशी तो फलाटाच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं नुसता पांढरा रुमाल हलवला. टीचरांनी सामान खाली ठेवलं ते ठेवलंच. दोघी जणी रडल्या. माझी पोळी गार झाली तरी मला पर्वा नव्हती, इतका तो प्रयोग रंगला.

सहा आठवड्यांत ती गोष्ट गावभर फिरून अरुणाकाकूंच्या दारी आली, आणि काकूंनी ती समोरच्या दारात नेऊन विचारली, की राहेलबाई, तो व्हायोलिन वाजवायचा हे खरं का?

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा टेबलावर ताजा टाइप केलेला उतारा होता. साधं, स्वच्छ इंग्रजी. समुद्राजवळच्या एका गावात एक बाई राहत असे. तिचे दोन भाऊ परदेशी गेले. ती गेली नाही. ती ऑफिसात काम करी, संध्याकाळी घरी येई आणि कुंड्यांना पाणी घाली. खाली पाच प्रश्न. तीन मी सोडवले, आणि चौथ्याला माझा हात थांबला. ती बाई का गेली नाही? पर्याय अ, तिचं एका माणसावर प्रेम होतं. ब, तिची आई आजारी होती. क, तिला विमानाची भीती वाटे. ड, उताऱ्यात सांगितलेलं नाही.

प्रणाली शेजारी मान खाली घालून बसलेली. तिच्या कानावर सगळं आलेलं असणार. मी 'ड' वर खूण केली.

"बरोबर," टीचर म्हणाल्या. "बोट ठेव."

"कुठे ठेवू, टीचर? नाहीच आहे तिथे."

"तेच म्हणते मी." आणि मग, "व्हायोलिन कुणी घातलं गं?"

"देवाशपथ मी नाही. माझ्याकडे फक्त रुमाल होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता वर्ग संपला, परीक्षा संपली, सगळंच संपलं... आणि त्यांना हसू फुटलं. असं तसं नाही. चष्मा काढावा लागला. प्रणाली उठून पाणी घेऊन आली. समोरचं दार उघडून अरुणाकाकू बघायला आल्या, आणि टीचर त्यांना म्हणाल्या, "अरुणा, रुमाल हिचा आणि व्हायोलिन बहुतेक तुझं." काकूंनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी चहा झाल्यावर मी धीर केला. म्हटलं, "चुकले मी, टीचर. पण खरंच का नाही गेलात?" त्यांनी कप खाली ठेवला. "पास हो. पेढे घेऊन ये. मग सांगते." मी म्हटलं, नक्की? म्हणाल्या, "छत्तीस वर्षांत मी दिलेला शब्द मागे घेतल्याचं एकही पत्र फायलीत नाही."

तेव्हापासून मी जो अभ्यास केला आहे, तो बढतीसाठी केला असं म्हणणाऱ्यानं बोट ठेवून दाखवावं. भात शिजताना उतारे, दवाखान्याच्या रांगेत उतारे. 'बसा ना' म्हणणाऱ्या साहेबांच्या केबिनबाहेर उभ्या उभ्या उतारे. चुका पाचावरून दोनवर आल्या, मग एकावर. शेवटच्या रविवारी एकही नव्हती. टीचरांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं छोटी बरोबरची खूण केली. कौतुक करायची त्यांची तेवढीच पद्धत होती. आणि मंगळवारी अरुणाकाकूंचा तो फोन.

दफन त्याच संध्याकाळी झालं. भाऊ आता दोघेही नाहीत. भाची तिकडून फोनच्या पडद्यावर होती. सातव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर गल्लीतल्या बायका जिन्यात थांबल्या आणि कुजबुज व्हायची ती झालीच. एकीनं आई आजारी होती म्हणून सांगितलं, दुसरीनं घराचा हिस्सा काढला, तिसरीच्या कहाणीत माझा मालक्लार्क स्टेशनमास्तर झाला होता. तेवढ्यात काकूंनी फोन माझ्या हातात दिला. भाची मोडक्या, गोड मराठीत विचारत होती, "शुभांगीताई, तुमी आत्याच्या जवळच्या. ती आमच्याकडे का नाय आली? पप्पा शेवटपर्यंत विचारत होते." जिन्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझ्याजवळ चार तयार कहाण्या होत्या. त्यातली कुठलीही त्या मुलीला जन्मभर पुरली असती.

मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं नाही गं."

ती म्हणाली, "थँक यू. बाकी सगळे सांगतात."

चार दिवसांनी परीक्षा झाली. शेवटचा उतारा एका इंजिनिअरचा. मोठे पूल बांधतो आणि एक दिवस सगळं सोडून गावी परत येतो. का येतो, हा प्रश्न. अहो, काय काय नाही सुचलं मला. पूल पडला असेल, गावात कोणी वाट बघत असेल. मी त्या सगळ्यांना बाकावर माझ्या शेजारी बसवलं, म्हटलं थांबा हं जरा, आणि बोट घेऊन ओळीओळीनं खाली आले. आठव्या ओळीत होतं. त्याला गावातल्या मुलांना गणित शिकवायचं होतं. एवढंच होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कहाण्यांपेक्षा ते बरं होतं.

निकाल गेल्या गुरुवारी लागला. मी पास. ऑफिसात मी टेबलावर चढले नाही, पण चढले असं तुम्हाला कुणी सांगितलं तर मी अडवणार नाही. 'बसा ना'वाल्या साहेबांनी मला मिठी मारली. मग रविवारी, पाव किलो पेढे घेऊन, दहाच्या ठोक्याला मी टीचरांच्या जिन्यात उभी. माझ्या बाजूचा शब्द मी पाळला होता. वर जाऊन करायचं काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. किल्ली काकूंकडे असते, पण दार उघडंच होतं. प्रणाली टेबलाशी बसलेली, कुंड्यांना नुकतं पाणी घातलेलं, जमिनीवर ओघळ. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर.

"प्रणाली, मी पास झाले."

"ठाव हाय मना. काकूनी सांगितला." तिनं पेढा घेतला, तोंडात टाकला, बोटं ओढणीला पुसली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "ताई, आता बसा. ह्यो उतारा मी पैला वाचतंय. तुमी मधी काय बी बोलू नका."

मी टीचरांच्या खुर्चीत बसले नाही, माझ्याच बसले. सांगण्यासारखं पोटात मावत नव्हतं. परीक्षेचा हॉल, पर्यवेक्षकाचं घोरणं, तो इंजिनिअर, साहेबांची मिठी. प्रणाली वाचू लागली. एका ओळीवर थांबली, मागे गेली, परत पुढे आली. उत्तर मला दिसत होतं. तिचं बोट त्याच्यावरून दोनदा गेलं आणि ते बोट तिथे थांबावं म्हणून मी पायाची बोटं आवळून बसले होते. खाली बाजारात कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मग तिचं बोट थांबलं. तिनं वर बघितलं नाही, मला विचारलं नाही, 'एवढा सोप्पा कसा असंल' म्हटलं नाही. खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला लागली.

घड्याळात बघितलं. अकरा मिनिटं मी एक अक्षर बोलले नव्हते. पनवेलात यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण हे मी रंगवून सांगत नाहीये. प्रणालीला विचारा.