भुजंगराव देशमुखांची मेंबरी

भोकरदनच्या बाजूला भुजंगराव देशमुखांची जमीन एवढी, की शीव कुठं संपते ते त्यांच्या गड्यांना ठाऊक, मालकांना नाही. ऐन तिशीत निजाम सरकारनं त्यांना हैदराबादच्या कौन्सिलात मेंबर नेमलं. तिथं त्यांनी जन्मभर नुसती मान डोलावली, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण गावाला शाळा आली, सडक आली, ती त्या डोलावण्यातूनच. त्यांचं राजकारण म्हणजे पाहुणचार. अंमलदार आला की कोंबडं कापायचं, अत्तर लावायचं. जेवून उठलेला माणूस आपल्या वाटेला जाणार नाही, असा त्यांचा ठाम समज.

एकुलता एक धर्मराज मात्र बापावर गेला नाही. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तो बुलढाण्याकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत होता, निजामाची करोडगिरीची, म्हणजे जकातीची नाकी जाळत. त्याच्या नावानं वॉरंट निघालेलं.

एका दुपारी तो आईला भेटायला आला, फाटकी बंडी आणि मुंडासं घालून. तुळजाबाईंनी ताट वाढायच्या आत पोलिसांचा अमीन दारात हजर. भुजंगरावांनीच त्याला जेवायला बोलावलेलं. पोरगं आजच येईल हे त्यांना काय ठाऊक!

"ये कौन?" ओसरीवर टेकत अमीनानं विचारलं.

"नवा गडी हाय साहेब," भुजंगराव म्हणाले.

अमीनानं पाय पुढं केले. "बूट उतार."

धर्मराज मुकाट्यानं खाली बसला. पोरगं शहाणं होतं. बूट काढून पाणी आणायच्या निमित्तानं तो मागच्या दारानं शिवारात पसार झाला असता. पण देशमुखीच्या वारसानं परक्याचं पायताण धरलेलं भुजंगरावांना बघवेना. जन्मभर वाकलेल्या माणसाचा ताठा जागा झाला तो नेमका तेव्हा.

"राहू द्या साहेब, त्याला येत न्हाई," म्हणत त्यांनी पोराला बाजूला सारलं आणि स्वतः अमीनाच्या बुटाची नाडी सोडू लागले.

गड्यासाठी मालक वाकतो, हे अमीनानं कुठल्याच गावात पाहिलं नव्हतं. त्यानं दोघांच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि शिपायांना हाक मारली.

धर्मराज कोठडीत मार खाऊन मेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

सप्टेंबरात हिंदी फौज आली, निजामाचं राज्य गेलं. गावकरी हार घेऊन दारात आले. पुंजाराम पाटील म्हणाला, "मालक, झेंडा तुमीच चढवा. धर्मराजचे वडील तुमी."

भुजंगराव उठून पागोटं सावरू लागले. एवढं होऊनही मानाला नाही म्हणता आलं नाही त्यांना. चीड येते, आणि कीवही.

पुरुषांच्या बैठकीत कधी न आलेल्या तुळजाबाई बाहेर आल्या. त्यांनी पुंजारामच्या हातातला हार खाली ठेवायला लावला.

"ह्यांना नेऊ नका. माझ्या लेकराला ह्यांनीच धरून देलं. मी दारामागं उभी व्हते."

भुजंगराव खाली बसले. माणसं निघून गेली. झेंडा कुणी चढवला, ते त्यांनी कधी विचारलं नाही.