अर्थिंगकाकांचा पट्टा

शेजारच्या अर्थिंगकाकांवर मी सतरा वर्षं हसले. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मध्ये एकच भिंत. काका साठी ओलांडलेले, लग्न न केलेले, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. त्यांच्याकडे शिरायचं तर आधी दाराच्या लोखंडी जाळीला हात लावावा लागे. "अंगातली वीज बाहेर ठेवा आणि मग आत या," हे ते सगळ्यांना ऐकवत. एकदा बँकेच्या मॅनेजरलाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, जाळीला हात लावून यायला.

स्वतःच्या डाव्या मनगटाला कायम एक निळा पट्टा. त्याला वेटोळ्याची वायर, आणि वायरीचं दुसरं टोक भिंतीतल्या पितळी स्क्रूला. हा स्क्रू म्हणजे अर्थिंग. अंगात साठलेली वीज पट्ट्यातून निघून जमिनीत जाते, नाहीतर बोट लागताच कॉम्प्युटरचे नाजूक भाग जळतात, असं त्यांचं म्हणणं. दुपारी डबा खातानाही पट्टा निघत नसे. गिऱ्हाईक आलं की वायर पुरेल तेवढंच पुढे यायचे.

"काका, माझ्या भाच्यानं उघड्या हातांनी चार कॉम्प्युटर जोडलेत," मी मुद्दाम काडी टाकायची. "एकालाही काही झालं नाही."

"झालं नाही म्हणू नका ताई, कळलं नाही म्हणा. बोर्डाला इजा आज होते, मान टाकतो तो सहा महिन्यांनी. तोवर कुणाचा हात लागला होता, ते कुणाच्या लक्षात राहतं?"

त्यांच्या मात्र लक्षात होतं. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत दुकानातल्या कामाच्या बाकाशी दोघं बसायचे, काका आणि त्यांचा धाकटा भाऊ. धाकटा हसरा, शिट्ट्या मारत काम करणारा. पट्ट्याचा त्याला कंटाळा. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की झालं, असं त्याचं मत. थंडीच्या दिवसांत एकदा तो स्वेटर घालून, पट्टा न लावता, एका दातांच्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरचा बोर्ड बदलत होता. नवाकोरा बोर्ड, सुरूच होईना. काकांनी भर दुकानात, डॉक्टरसमोर त्याला सुनावलं, "असले हात घेऊन पुन्हा माझ्या बाकाशी बसायचं नाही." मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. धाकट्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि जो गेला तो गेलाच. दूरच्या गावी त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, काकांना त्याचं कार्ड पाठवलं. काकांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं, पण फोन केला नाही. आई गेली तेव्हा दोघं एका खोलीत चार दिवस होते, एक शब्द बोलले नाहीत.

बाकाशी त्याची रिकामी खुर्ची तशीच होती. तिच्या वर भिंतीतल्या खिळ्याला धाकट्याचा पट्टा. काका रोज सकाळी फडकं मारताना दोन्ही पुसायचे. दिवसभर काका बोलायचे ते मशीनशी. "काय झालं रे तुला? दाखव बघू." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी आलंय, म्हणून डोकावले. कुणी नव्हतं. नंतर मी डोकावणं सोडून दिलं, कारण ते बघवत नसे.

गेल्या महिन्यात माझं झेरॉक्स मशीन शॉक द्यायला लागलं. वायरमन आला. मागची विजेची पेटी उघडून, वायर चाचपत चाचपत तो बोळातल्या बाथरूमपर्यंत गेला आणि हसतच परत आला.

"ताई, तुमच्या दोन्ही दुकानांना अर्थिंगच नाही. बाथरूमचा पाया खणताना कुणीतरी वायर तोडलीय आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय."

सतरा वर्षांत थट्टेला असा विषय माझ्या हाती लागला नव्हता. पण थट्टा काही तोंडातून फुटेना. मी शेजारी गेले, जाळीला हात लावला आणि जे होतं ते सांगितलं.

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी टेस्ट लॅम्प काढला, एक वायर बटणातल्या फेजला, म्हणजे विजेच्या तारेला, दुसरी त्या पितळी स्क्रूला. अर्थिंग असतं तर बल्ब पेटायला हवा होता. पेटला नाही. बल्ब बदलून पाहिला. तिसऱ्यांदा पाहिलं. जगाला जाळीला हात लावायला लावणाऱ्या या माणसानं स्वतःचा स्क्रू एवढ्या वर्षांत कधी तपासला नव्हता.

"बाथरूम मीच बांधून घेतलं," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली."

मग त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. हिशेब मलाही कळत होता. डॉक्टरचा बोर्ड मेला तो त्यानंतर सहा वर्षांनी. त्या दिवशी धाकट्यानं पट्टा बांधला असता, तरी त्याची वायर जमिनीत पोचतच नव्हती. आणि काका स्वतः त्याच बाकावर, तसल्याच हातांनी, शेकडो मशीन दुरुस्त करत होते.

त्यांनी पट्टा सोडला. खाली कातडीचा पांढराफटक वळसा होता. काचेखालचं कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तुम्ही लावता का ताई? मला नाही जमायचं."

मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकरवर टाकला. धाकट्यानं उचलला. काका कार्डच उलटसुलट करत राहिले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी म्हणाले, "मी बोलतोय. आपल्या बाकाला अर्थिंग नव्हतं रे. वायर तुटली होती. तो बोर्ड जायच्या आधीपासून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दादा," धाकटा म्हणाला, "तो बोर्ड माझ्याच हातानं गेला असं मी धरून चाललो. तेव्हापासून एक दिवस पट्टा सोडलेला नाही मी. आत्ताही हातात आहे."

काकांनी डोळे मिटून घेतले. मी भिंतीकडे पाहत राहिले, रडू येत होतं म्हणून.

"पट्टा लावतोस ते चांगलंच आहे," काका म्हणाले. "पण तुझ्याकडचं अर्थिंग तपासलंयस का?"

"नाही."

"तिथे कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येतो तपासायला."

फोन ठेवला. काकांनी टेस्ट लॅम्पची वायर नीट गुंडाळून पिशवीत घातली, दुसरा एक बल्ब कागदात बांधून घेतला. मग रिकाम्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी कुणालाही बसलेलं पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "ताई, तिकडे जायला गाडी किती वाजता असते?"