खालच्या टोकाचा माणूस

जिन्यावरून कपाट चढवायला दोन माणसं लागतात. वरच्या टोकाला एक, खालच्या टोकाला एक. वजन जवळजवळ सगळं खाली येतं. वरचा माणूस उलटा चढतो, वाट बघतो आणि बोलतो. "तीन राहिल्या. कठडा सांभाळ. आता वळव." खालचा बोलत नाही. कपाट त्याच्या छातीवर असतं. श्वास बोलण्यात घालवला तर पायांना उरत नाही. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात कळतं, नाहीतर माणूस दुसरं काम शोधतो.

सामान हलवायच्या धंद्यात मी एकतीस वर्षं वरच्या टोकाला होतो. खालच्या टोकाला घुम्या.

घुम्या हे नाव मीच ठेवलं. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटायचं फक्त घरीच बोलत नाहीत."

दुसऱ्या वर्षी त्याच्या डाव्या पायावर तिजोरीचा कोपरा बसला. तेव्हापासून प्रत्येक पायरीवर तो डावं पाऊल बाहेर वळवून टेकवतो. उचलण्याआधी वस्तूवर क्षणभर तळहात ठेवायचा. कशाला, ते त्याने सांगितलं नाही. लोकांच्या दारात बूट दोनदा पुसायचा. आणि वस्तू ठेवताना आवाज करायचा नाही. आवाज झाला तर ते ठेवणं नव्हे, टाकणं. टाकणारे मी पुष्कळ पाहिले. ठेवणारा हा एक.

जिन्यावर मी दोघांचं बोलायचो. मग ती सवय जिन्याखालीही राहिली. मालकाशी मी बोलायचो, गिऱ्हाइकाशी मी बोलायचो. कुणी घुम्याला विचारलं, "दमलात का हो?" तर "छे, हा कसला दमतोय!" हे मीच सांगायचो. त्याने कधी अडवलं नाही. म्हणून मला वाटलं, चालतंय.

अकरा वर्षांपूर्वी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं आली. त्यांच्या खेळात ओझ्या नावाचा एक हमाल होता. तो एका न संपणाऱ्या इमारतीत लोकांचं सामान वर चढवतो. त्याला चाल हवी होती, खऱ्या माणसाची. मी घुम्याला पुढे केलं. एका मोठ्या खोलीत लाकडी जिना केला होता. घुम्याला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला आणि हालचाल टिपायला त्यावर जागोजागी चमकणाऱ्या गोळ्या लावल्या. मी इतका हसलो की पोट दुखलं. त्याच्या हातात त्यांनी पुठ्ठ्याचं कपाट दिलं.

त्याने ते उचललं आणि परत ठेवलं.

"यात काही नाहीये."

"काका, नुसती हालचाल हवीय आम्हाला. वजन पडद्यावर दिसत नाही."

"रिकामं उचलता येत नाही," घुम्या म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला.

तासभर कुणी हललं नाही. शेवटी त्यांनी लोखंडी कपाट आणलं, त्यात कागदाचे गठ्ठे भरले, तेव्हा तो उठला. दोन दिवस त्याने तो जिना चढला. वरच्या टोकाला मी होतो, पण मला त्यांनी नंतर पुसून टाकलं. खेळात वरचं टोक दोराने ओढलं जातं. मधल्या सुट्टीत चहा व्हायचा आणि त्यांचा माणूस टेबलावर टेप ठेवून म्हणायचा, "कामाच्या गोष्टी सांगा ना." घुम्या चहा प्यायचा. मी सांगायचो. समोरचे हसत होते, मग काय, माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही.

खेळ खूप चालला. ओझ्या त्यात एक शब्द बोलत नव्हता. घुम्याच्या मुलीने, जी आता स्वतःच्या दोन गाड्या ठेवून हाच धंदा करते, तो आम्हाला दाखवला. "बाबा, तुमचा डावा पाय!" ती ओरडली. घुम्या बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वळणावर खांदा बरोबर घेतलाय." त्याच्याकडून एवढी शाबासकी मी एकतीस वर्षांत मिळवली नाही. मुलीने गोदामाच्या दारावर पाटी लावली : ओझ्या ज्याच्या पावलांनी चालतो तो माणूस आमच्याकडचा. गावभर झालं.

यंदा दुसऱ्या भागाची जाहिरात आली. मुलीने आम्हाला गोदामात बोलावलं. तिचा चेहरा बघूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"काका, तुम्हीच बघा. मला बोलवत नाही."

पडद्यावर मोठी अक्षरं आली : आता ओझ्याला आवाज आहे. आता ओझ्याला स्वभाव आहे.

तोच जिना, तेच बाहेर वळलेलं डावं पाऊल, छातीवर कपाट. आणि वर हे तोंड. अखंड चालू. सहा मजले चढेपर्यंत तो गिऱ्हाइकाच्या बायकोच्या जाडीवर बोलला, मालकाच्या बापावर बोलला, ढेकर दिला, कुंडीत थुंकला. वर पोचल्यावर कपाटाचे खण उघडून आतले कपडे नाकाला लावले आणि डोळा मारला. मग एका खणातून दातांची कवळी काढली, हातात धरून टकटक वाजवली आणि तिला बाहुलीसारखं बोलायला लावलं : "अगं ए, मी मेलो तरी माझी बडबड ऐक!"

मी पडद्यावरून नजर काढली. विनोद घाणेरडा होता म्हणून नाही. विनोद माझा होता म्हणून. टेपसमोर बसून मी सांगितलेला. शब्दसुद्धा तेच.

मी हे लिहितोय असं घुम्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दातांचं पूर्ण लिही." म्हणून लिहितो. एका बाईचा नवरा वारला होता आणि ती लेकीकडे राहायला चालली होती. तिचं कपाट उतरवताना एक खण सरकला आणि नवऱ्याची कवळी बाहेर पडली. मी हसलो. घुम्याने खुणेने कपाट टेकवायला लावलं, पायरीवरची कवळी उचलली, आपल्या स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि खाली जाऊन बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती रुमालासकट छातीशी धरली. तो रुमाल त्याने परत मागितला नाही. टेपवर मी एवढंच सांगितलं की कवळी पडली, आणि पुढचं मनाने जोडलं.

जाहिरात संपली. मुलगी म्हणाली, "बाबा परवा एका घरी जिना बघायला गेले होते. सामान हलवायच्या आधी ते बघून येतात ना. तर मालकीणबाईंनी त्यांच्यादेखत सगळ्या खणांना कुलपं लावली. हसत हसत. म्हणे, 'ओझ्या आलाय, जपायला हवं.'"

मी घुम्याकडे बघितलं. त्याच्या हातून एकतीस वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नाही.

"माझ्या अंगावर ते तोंड नको," तो म्हणाला.

खेळ बाजारात यायला तीन महिने होते. आम्ही कंपनीत गेलो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याने. ओझ्याची वाक्यं लिहिणारी लेखिका भेटली. तिशीची, हसतमुख, मनापासून काम करणारी. तिच्याशेजारी ओझ्याला आवाज देणारा नट, धिप्पाड गडी, बोलायला मऊ. तिने उठून घुम्याचे दोन्ही हात धरले.

"काका, तुम्ही! तुमचा आवाज मी वर्षभर रोज ऐकतेय!"

घुम्याने माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या त्या सहा तासांच्या टेपा. शब्दन् शब्द लिहून काढलाय मी. लोक म्हणायचे, ओझ्याला मनच नाही, नुसता चढतो. म्हटलं, ज्या माणसाचं शरीर घेतलं त्याचाच स्वभाव घेऊ. आम्ही मनाने काही जोडलं नाही. किती मोकळे आहात तुम्ही!"

"बाई," मी म्हणालो, "ते जरा..."

माझे तीन शब्द झाले आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग घुम्याकडे.

"हा तर टेपवरचा आवाज आहे."

घुम्याने अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "हा बोलायचा."

"मग टेपांच्या डब्यावर 'ओझ्या, मूळ माणूस' असं का लिहिलंय?"

कुणी लिहिलं देव जाणे. पण चूक डब्याची नव्हती. दोघांचं बोलणं एकाने करायचं ही पद्धत जिन्यावरची. मी ती चहाच्या टेबलावर नेली, आणि "आम्ही, आम्ही" करत माझी सगळी घाण त्याच्या नावावर ओतली. मला माझ्याच जिभेची शिसारी आली.

"तुला कधी कळलं?" मी त्याला विचारलं.

"जाहिरातीत दात आले तेव्हा."

लेखिका भली होती, पण कंपनीचीही होती. "काका, मला वाईट वाटतंय. पण चार हजार वाक्यं रेकॉर्ड झालीत. आता स्वभाव नाही बदलता येणार."

"ओझं अंगावर असताना मी बोलत नाही," घुम्या म्हणाला. "कुणीच बोलत नाही."

"पण तो बहुतेक वेळ जिन्यावरच असतो. तिथे गप्प बसवला तर खेळणारे कंटाळतील."

घुम्या उठला. बाहेर व्हरांड्यात फायलींचं लोखंडी कपाट होतं. त्याने त्यावर तळहात ठेवला. मग नटाला म्हणाला, "या. खालचं टोक धरा."

"मी?"

"आणि बोला ते. जाहिरातीतलं."

नट हसत आला. बाह्या सरसावल्या. वरचं टोक मी धरलं, सवयीने. घुम्या त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली उभा राहिला. चौथ्या मजल्याकडे आम्ही चढू लागलो. पहिल्या पायरीला नट म्हणाला, "अगं बाई, तुझा नवरा..." दुसरीला म्हणाला, "...नवरा..." तिसरीला नुसतंच तोंड उघडलं. मान लाल, डोळे बाहेर. चौथीला त्याने वाक्य पूर्ण करायचा हट्ट केला आणि गुडघा गेला. कपाट माझ्या हातून सुटून खाली निघालं.

घुम्याने खांदा लावला. पासष्ट वर्षांचा माणूस. तोंडातून फक्त एक श्वास निघाला, लांब, नाकातून आत घेतलेला आणि दातांमधून सोडलेला. कपाट थांबलं. त्याने ते पायरीवर टेकवलं. आवाज झाला नाही.

नट कठडा धरून बसला होता. धाप थांबल्यावर म्हणाला, "बाई, जिन्यावरचं मी काढायला सांगतो. मला ते आता म्हणता येणार नाही."

"नाटक करू नका हो," लेखिका म्हणाली, पण तिचं लक्ष घुम्याकडे होतं. "तो श्वास. तो पुन्हा घ्याल का? रेकॉर्ड करायला?"

"कपाट भरलेलं असेल तर," घुम्या म्हणाला.

अशी तडजोड झाली. ओझं अंगावर असेल तोवर ओझ्या गप्प, फक्त घुम्याचा श्वास. ओझं खाली ठेवलं की पुन्हा तोच स्वभाव, तेच खण, तीच कवळी. मी तिला कवळीची पुढची गोष्ट सांगितली, रुमालापर्यंत. तिने वहीत लिहून घेतली. डोळे पुसले. म्हणाली, "फार सुंदर आहे, काका. पण यात हसायला काही नाही ना." वही मिटली. अश्रू खरे होते, हीच किळस. रडूनही घाण ठेवता येते.

परतताना मी म्हणालो, "चुकलं माझं." तो जिना उतरत राहिला. त्याने उत्तर द्यावं अशी अपेक्षा करणंसुद्धा मला लाज वाटण्यासारखं झालं होतं.

खेळ बाजारात आला. मुलीने गोदामातल्या पडद्यावर लावला. मीही गेलो आणि मागे बाकावर तोंड मिटून बसलो. ओझ्या तिजोरी घेऊन चढू लागला. पाच मजले, एक शब्द नाही. नुसता तो श्वास, प्रत्येक पायरीला. घुम्या खुर्चीत होता, पण वळण आलं की त्याचा उजवा खांदा आपोआप खाली जायचा. मुलीने खेळायचं बटण हळू दाबायला सुरुवात केली होती, जणू वजन तिच्याही हातात होतं.

पाचव्या मजल्यावर ओझ्याने तिजोरी टेकवली. कंबर सरळ केली. समोरच्या कपाटाच्या खणाकडे हात नेला आणि तोंड उघडलं.

"बंद कर," घुम्या म्हणाला.

पडदा काळा झाला.

"आता खालून लाव."

"पुढचं नाही बघायचं, बाबा?"

"पुढे मी नाही."

पुढे कोण आहे ते तिघांनाही ठाऊक होतं. कुणी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मुलीने तळमजल्यापासून पुन्हा सुरुवात केली.