गाणं नसलेलं फोल्डर

मंडळी, आज आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात शेजारच्या सखाकाकांच्या जुन्या म्युझिक प्लेअरमध्ये लोकांनी मिळून बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. काकांना दिसत नाही आणि यात फोल्डरचं नाव ऐकू येतं. मधेच प्लेअर पार बंद पडला, मला घाम फुटला! पण जमलं.

काकू उद्या ऊसतोडीला निघतायत. म्हणून नावं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केली. "अहो, ही भजनं." "अहो, ही भारुडं." शेवटी हळूच म्हणाल्या, "अहो, जेवलात का?"

मी त्याचंही फोल्डर केलं. काका बटण दाबत नेमके तिथंच थांबले.

"काका, त्यात गाणं नाही."

"ऱ्हाऊ दे. लई लागंल ते."

काकू हंगाम संपल्यावरच येतील. तोवर काकांना हे विचारायला दुसरं कोण आहे, सांगा?