मागं येणारी बोट

यशोधरानं तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला आणि दारावर थाप पडली. पठारावरच्या आणे गावात सकाळच्या पारी कुणी दार वाजवत नाही. ओट्यावरून हाक मारायची, नाहीतर सरळ आत यायचं. दार वाजवणारा एक तर परका असतो, नाहीतर काहीतरी अवघड बोलायला आलेला असतो.

दारात सोपान उभा होता. त्याच्याच शेततळ्यात चार दिवसांनी, बुद्ध पौर्णिमेला, तिच्या नवऱ्याची वाफेवरची बोट चालायची होती. सोपाननं चप्पल काढली नव्हती, म्हणजे बसायला आलेला नव्हता.

"वहिनी, राजा हाय का?"

"अंघोळ चाललीय. या की भाऊ, चहा टाकते."

"चहा नको. तेवढा निरोप सांगा. औंदा बोट तळ्यात न्हाई सोडायची. मागल्या सालाचं इसरलो न्हाई मी."

विसरण्यासारखं नव्हतंच ते. यशोधरानं भाकरी उलटली आणि मनातल्या मनात मान्य केलं की माणूस चूक बोलत नाही.

तिचा नवरा राजरत्न ट्रॅक्टर चालवायचा. उसाच्या हंगामात पठारावरून खाली उतरायचं, दोन-दोन ट्रॉल्या भरून कारखान्यावर न्यायच्या, आणि ऊस ओतायच्या गव्हाणीपाशी त्या दोन्ही ट्रॉल्या मागं सरकवत नेमक्या जागी लावायच्या. एक ट्रॉली मागं घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. दोन घेताना तर ट्रॅक्टर एकीकडं, पहिली ट्रॉली दुसरीकडं, नि मागची तिच्या मनाला येईल तिकडं. राजरत्न मात्र मान मागं वळवून, विडी तोंडात तशीच ठेवून, पाळण्यातलं पोर सरकवावं तसं सरकवायचा. त्याला त्रास व्हायचा एकाच गोष्टीचा. ट्रॉली मागं निघाली रे निघाली की आजूबाजूला उभं असलेलं प्रत्येक माणूस हात हलवत ओरडायला लागायचं, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" ज्याला सायकल धड मागं घेता येत नाही तोही.

कारखान्यावर रांग लागली की दिवस दिवस नंबर यायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे. राजरत्न बॉयलरवाल्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. वाफेचा नाद तिथं लागला. एका उन्हाळ्यात त्यानं नारायणगावच्या लेथवाल्याकडून पितळी सिलिंडर कातून आणला, तांब्याच्या नळीचा बॉयलर केला, खाली स्पिरिटचा दिवा, आणि पत्र्याची दीड हात लांब बोट. सिलिंडर जागच्या जागी झोका घेतो; या बाजूला झुकला की वाफ आत, त्या बाजूला झुकला की बाहेर. तेवढ्यावर पंखा फिरतो.

गेणभाऊ शेजारचे. त्यांच्या जिभेला म्हातारपण आलेलं नव्हतं. ते म्हणाले, "पठारावर प्यायला टँकर, आन् ह्यो पठ्ठ्या बोट करतोय! राजा, नांगर कुठं टाकनार रं? माज्या रांजनात?"

पण बोटीला काम दिलं ते यशोधरानं. बी. ए.ला तिचा इतिहास होता. बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेनं जहाजातून लंकेला नेली, ही गोष्ट पौर्णिमेला नुसती सांगण्यापेक्षा दाखवली तर? विहाराच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतंच. सोपानच्या तळ्याच्या एका कडेला भारत, समोरच्या कडेला चार रिकाम्या डब्यांवर फळी बांधून लंका, आणि मधे राजरत्नची बोट, तिच्यावर रोप.

"संघमित्रेच्या जहाजाला इंजिन व्हतं का रं?" गेणभाऊंनी विचारलं.

"नव्हतं," राजरत्न म्हणाला, "म्हनून तर तिला लई दिवस लागले."

गेल्या वर्षी बोट निघाली ती झोकात. बायकांनी गाणं धरलं. पण ती बोट फक्त पुढं जाणारी होती, नि सुकाणू एकदा बांधलं की बांधलं. तळ्याच्या मध्यावर वारा आला. बोट लंकेला बगल देऊन सरळ काठाच्या कागदावर चढली. तळ्याला अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकला गावात कागदच म्हणतात, आणि शेतकरी त्या कागदाला घरातल्या नव्या सुनेपेक्षा जपतो. बोट कलंडली, रोप बुडालं, दिवा सांडला आणि पेटत्या स्पिरिटनं कागदाला तळहाताएवढं भोक पाडलं. मग गेणभाऊ म्हणाले, "मारुतीनं लंका जाळली व्हती. ह्यानं निस्ता किनारा जाळला."

सोपान तेव्हा हसला होता. पण भोकाला ठिगळ त्यानं एकट्यानं लावलं होतं.

राजरत्न मोरीतून टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलेलं होतं.

"सोपान, मागल्या साली बोटीला मागं येता येत नव्हतं. औंदा येतं."

"गुरांच्या हौदात येत आसंल. माजं तळं हौद न्हाई."

"मग चल. आत्ता तळ्यावर दाखवतो. समोरच्या कडंला, कागदापासनं ईतभर लांब थांबवतो आन् मागं आनतो. कागदाला टेकली तर मीच पौर्णिमेला वस्तीत सांगतो, की बोट न्हाई."

सोपाननं यशोधराकडं पाहिलं. ती भाकरी टोपल्यात टाकून चूल विझवत होती. "मी रोप घेते," ती म्हणाली. रिकामं जहाज हाकण्यात काय अर्थ? भरलेलं थांबलं पाहिजे.

हे दुसरं रोप तिनं दुधाच्या पावडरीच्या डब्यात वर्षभर वाढवलं होतं. तळ्याकडं जाताना ते छातीशी धरून चालताना तिला एवढंच वाटत होतं, की हे आज बुडलं तर पौर्णिमेला बायका गाणं म्हणतील खरं, पण कुणाकडं बघून म्हणतील?

वर्षभरात राजरत्ननं केलेली करामत हाताच्या पंज्यात मावेल एवढी होती. वाफेच्या नळीत त्यानं एक पितळी चकती बसवली होती. चकती एका अंगाला फिरवली की वाफ एका भोकातून सिलिंडरमध्ये शिरते, बोट पुढं. दुसऱ्या अंगाला फिरवली की आत शिरायचं भोक बाहेर पडायचं बनतं, बोट मागं. चकती मधे ठेवली की दोन्ही बंद, इंजिन उभं. आणि चकती फिरवायला नि सुकाणू हलवायला जत्रेतली रिमोटची मोटारगाडी खोलून तिच्या दोन इवल्याशा मोटारी घातल्या होत्या. जत्रेतल्या दुकानदारानं विचारलं होतं, पोरगा केवढा आहे? "सेहेचाळीस वर्सांचा," यशोधरानं सांगितलं होतं.

मे महिना, त्यामुळं तळं अर्ध्यावर आलेलं. काळा कागद उतारावर उघडा पडून चकाकत होता. त्याच्यावरून घसरलेला माणूस वर चढू शकत नाही, म्हणून अलीकडच्या काठाला पाण्यापर्यंत दोरीची शिडी सोडलेली होती तेवढीच; दुसरीकडं कुठं बोट अडकली तर आणायला आत उतरायची सोय नव्हती. गेणभाऊ वास लागल्यासारखे आधीच येऊन बसले होते.

वाफ धरली. बोट फुसफुस करत निघाली, रोपाची पानं थरथरत. मध्यावर वारा आला तसा राजरत्ननं हातातल्या रिमोटवर सुकाणूचं बटण अंगठ्यानं जरा दाबलं, बोट सावरली. समोरची कड जवळ आली. त्यानं चकती मधे आणली, मग मागं. पंखा उलटा फिरला, पाणी खवळलं, आणि बोट कागदापासून वीतभर नव्हे, हातभर अलीकडं थांबली.

"थांबली की!" सोपान म्हणाला.

"आजून मागं कुठं आलीया?" गेणभाऊ म्हणाले.

बोट मागं निघाली, पण ती सरळ मागं येत नव्हती. शेपूट एका अंगाला फेकत, तिरकी होत बाजूच्या काठाकडं चालली होती. हौदात एवढी जागाच नव्हती, त्यामुळं हे आजवर दिसलंच नव्हतं. पुढं जाताना पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळतं, म्हणून सुकाणू ऐकतं; मागं येताना तसं पाणीच नाही. राजरत्न सुकाणू दाबत होता नि बोट त्याला जुमानत नव्हती.

"आरं डावीकडं! डावीकडं घे!" सोपान काठावरून पळायला लागला. "येऊ दे, येऊ दे! न्हाई न्हाई, नको येऊ दे!"

"पुढं घे!" गेणभाऊ ओरडले. "न्हाई, मागं! आरं, थांब!"

यशोधरानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान किंचित तिरकी केली होती. ही मान तिनं कारखान्याच्या आवारात शंभरदा पाहिली होती, मागची ट्रॉली वाकडी झाली की व्हायची तशी. ट्रॉली वाकडी झाली की तिला मागं रेटायचं नसतं. जरा पुढं ओढायचं, सरळ करायचं, मग पुन्हा मागं. आता येते, तिनं ओळखलं.

राजरत्ननं चकती पुढं फिरवली. दोन फुसकारे. सुकाणूवर पाण्याचा झोत बसला, बोटीचं शेपूट वळून सरळ झालं. पुन्हा मागं. पुन्हा तिरकी व्हायला लागली, पुन्हा दोन फुसकारे पुढं. अशी मागं-पुढं, मागं-पुढं करत, दोन ट्रॉल्या गव्हाणीला लावाव्यात तशी बोट अलीकडच्या काठाशी आली आणि यशोधराच्या हाताच्या अंतरावर उभी राहिली. शिडीच्या खालच्या पायरीवरून तिनं वाकून रोप उचललं. एक पान ओलं झालं होतं, तेही वाफेनं.

सोपान धापा टाकत परत आला. त्यानं कागद पाहिला, बोट पाहिली, मग राजरत्नला खांद्यावर एक चापट मारली.

"जिकलास बाबा. पौर्णिमेला तळं तुजं. लंका मी सोता बांधतो, मोठे डबे लावून. आजून काय पायजे ते बोल. मांडव? जनरेटर? लाज बाळगू नको."

राजरत्ननं दिव्यावर झाकण ठेवलं आणि टॉवेलानं हात पुसले.

"बाकी काय नको. एकच कर. पौर्णिमेला मी बोट मागं घेत आसंन, तवा काठावरनं कुनी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हनायचं न्हाई. गेणभाऊ न्हाई, तू बी न्हाई."